सोपानमामांच्या बेचाळीस बाटल्या

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगतो. नुसती मान हलवून चालणार नाही हां. आमच्या कंपनीत सगळ्यांनी अशीच मान हलवली होती, आणि कँटीनमध्ये अर्धी गोष्ट होईपर्यंत एकाच्या नाकातून ताक आलं.

चुका सगळेच करतात हो. पण एकाच सकाळी चोरी करायची, तिचा तपासही आपणच हाती घ्यायचा, आणि चोराला चारचौघांत शिव्याही आपणच घालायच्या, हे भाग्य सगळ्यांच्या कपाळी नसतं राव!

माझं गाव लातूरकडचं. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. तळं, धरण, बॅकवॉटर या भानगडी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचल्या, त्यासुद्धा परीक्षेपुरत्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी चाकणला आलो, गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला चिकटलो, आणि तिथं मला शिस्तीचा रोग लागला. जी वस्तू जागेवर नाही, तिला लाल कार्ड. जिचा उपयोग कळत नाही, ती बाहेर. एकदा घरी सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना मी लेबलं चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती सगळी लेबलं माझ्या जेवणाच्या डब्यात भेंडीच्या भाजीखाली निघाली. ती जास्त बोलत नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, हालचाल करा. घेतली सायकल. पुनावळ्यात आमच्या सोसायटीतली दहा-बारा जणं रविवारी सायकली काढतात, त्यांच्यात मीही शिरलो. वयानं मी सगळ्यांत मोठा. चढ आला की सगळ्यांत मागं, आणि सल्ला द्यायचा झाला की सगळ्यांत पुढं!

जानेवारीतला रविवार होता. जांबे, नेरे करत आम्ही कासारसाईच्या धरणावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. बाकीचे फोटो काढायला लागले. मी बसलो टपरीवर. चढानं माझा जीव गळ्याशी आला होता.

तिथं सोपानमामा भेटले. साठीचे, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि शेजारी ट्रकच्या चाकाची हवा भरलेली काळी ट्यूब. या ट्यूबवर बसून ते पाण्यात जातात आणि मासे धरतात. मीच बोलायला सुरुवात केली.

"काय मामा, आज सुट्टी वाटतं?"

"सुट्टी कसली! आज जावई येनार हाय. मागल्या म्हैन्यात पोरीचं लगीन झालं. लग्नानंतर पयल्यांदाच येतोय, मंचरहून. साडेबाराला जेवायला."

"अरे वा! मग बेत काय?"

"मासं. दुसरं काय?" मामा जरा पुढं सरकले. "लग्नात मी समद्या व्याह्यांम्होरं बोललो होतो, या तर खरं, आमच्या तळ्यातला ताजा मासा खाऊ घालतो. आता बाजारातनं आनला तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"नाहीच राहणार."

"राती सात जाळी लावल्यात. आता नेऱ्याला जातो, नारळ-कोथिंबीर घितो, आन् आल्यावर काढतो."

मी पाण्याकडं बघितलं. "जाळी दिसत नाहीत कुठं."

मामा हसले. "सायेब, जाळी पान्याच्या आत असत्यात. दिसली तर मासा यील का?"

मला पटलं. मी त्यांना चहा पाजला, जावयाला आशीर्वाद सांगा म्हणालो, आणि ते गेले. हे सगळं मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढं मला सूट देऊ नका.

धुकं विरलं आणि मला तळं नीट दिसलं. अहो, काय सांगू! काठाला बगळे, खडकावर पंख पसरून वाळत बसलेला एक पाणकावळा, आणि पाण्यात... पाण्यात बाटल्या! पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या. जिकडंतिकडं डुलतायत.

माझ्या डोक्यात लाल कार्ड फडकलं.

"राहुल!" मी हाक मारली. राहुल आमच्या सोसायटीतला, आयटीतला पोरगा. गळ्यात दुर्बीण. तो चक्रवाक बघायला आला होता. ती थंडीत येणारी नारिंगी बदकं. "राहुल, बदकं नंतर. आधी हे तळं साफ करायचं!"

"काका, आत्ता?"

"मग काय पुढच्या जन्मी? अरे, बदकं लांबून लांबून येतात, ती काय आपला कचरा बघायला?"

आणि मी काठाकडं निघालोसुद्धा. काठावर तंबू भाड्यानं देणाऱ्या कॅम्पवाल्याच्या कयाक होत्या. माहीत नसेल तर सांगतो, कयाक म्हणजे अशी होडी, जिच्यात माणूस बसत नाही, अडकतो. लाइफ जॅकेटचे पट्टे माझ्या पोटावर येईनात, ते कॅम्पवाल्यानं गुडघा लावून ओढले. फोन एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या गळ्यात अडकवला. मी पुढं, राहुल मागं वल्हवायला. माझ्या हातात सायकलच्या पिशवीतला कटर.

पहिली बाटली उचलली तर खाली दोरी.

"काका, ही बांधलेली आहे," राहुल म्हणाला. "कशाला बांधली असेल?"

आता खरं उत्तर काय होतं? 'माहीत नाही, कुणाला तरी विचारू.' पण मी क्वालिटीचा माणूस. आमच्याकडं 'माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही.

"अरे, दारुडे!" मी म्हणालो. "बाटल्या गार करायला दोरीनं पाण्यात सोडतात. पिऊन झालं की रिकामी तशीच टाकून जातात. उचलून न्यायचा कंटाळा."

"पण ही तर पाण्याची बाटली आहे."

"पाणी लागत नाही का त्यांना मिसळायला?"

बघा, अडाणी माणूस एका प्रश्नात गप्प होतो. शिकलेल्या माणसाकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. कापली दोरी.

दुसरी. तिसरी. दहावी. माझ्या लक्षात आलं की बाटल्या एका रेषेत आहेत. एकेका रेषेत सहा, आणि दोन बाटल्यांतलं अंतर सारखं! मी तर खूश झालो. "राहुल, बघ, किती शिस्तीत कचरा टाकलाय. आमच्या कंपनीच्या शॉपफ्लोअरवरसुद्धा एवढी सरळ रेषा येत नाही." हे मी बोललो. माझ्या तोंडानं बोललो. आणि तरीही, देवाशपथ, डोक्यात उजेड पडला नाही.

एका बाटलीवर एक पांढरा पक्षी बसला होता. राहुल कुजबुजला, "काका, सुरय! थांबा ना, फोटो काढतो." मी म्हणालो, त्याच्या पायाखालचा कचरा काढतोय म्हणून तो आपल्याला दुवाच देईल. आणि त्याच्याखालची दोरी कापली. तो ओरडत उडून गेला. त्यालाच अक्कल होती म्हणायची.

दीड तासात बेचाळीस बाटल्या! काठावर आणून मी सगळ्यांना कामाला लावलं. झाकणं एकीकडं, दोऱ्या एकीकडं, आणि बाटल्या पायाखाली चेपून एकीकडं. चेपताना काय आवाज येत होता महाराजा, फटाफट! मग त्या ढिगामागं उभं राहून फोटो. मध्ये मी, दोन्ही हातांत दोन न चेपलेल्या बाटल्या धरून. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तळ्याचा श्वास मोकळा केला.' पाच मिनिटांत तीस अंगठे आले.

आणि तेवढ्यात सोपानमामा आले. एका हातात नारळाची पिशवी, खांद्यावर ट्यूब. पाण्याकडं बघितलं. डोळे चोळले. परत बघितलं. पिशवी हातातनं गळून पडली.

"गेली! समदी गेली!"

"मामा, काय गेलं?"

"जाळी! सातच्या सात! एकाचाबी पत्त्या न्हाई! कुनीतरी चोरली वं सायेब!"

म्हातारा मटकन खाली बसला. माझं काळीज हललं हो. मी चोवीस तास जाळी चोरणाऱ्यांचा तिरस्कार करणारा माणूस नाही, पण त्या क्षणी झालो. "मामा, रडायचं नाही. मी आहे ना!" म्हणालो. मग सगळ्यांना गोळा केलं.

"ऐका! एका कष्टकरी माणसाच्या घरी आज जावई जेवायला यायचाय, आणि कुणीतरी हरामखोरानं त्याची जाळी पळवलीत! असल्या माणसाला त्याच्याच हातानं गळ्यात दगड बांधायला लावून तळ्यात सोडला पाहिजे! लाज कशी वाटत नाही?"

सगळे म्हणाले, "बरोबर आहे!" मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो.

दोघांना धरणाच्या भिंतीकडं पाठवलं, पायांचे ठसे बघायला. राहुलला दुर्बीण घेऊन पलीकडचा काठ न्याहाळायला लावलं. मी स्वतः टपरीवाल्याची उलटतपासणी घेतली.

"सकाळपासून पाण्यात कोण कोण उतरलं?"

"तुमी."

"आम्ही सोडून?"

"कुनीच न्हाई."

"नीट आठव."

"नीटच आठवतंय. तुमीच व्हता. लई वेळ व्हता."

मी मनात म्हणालो, चोर फार पोचलेला दिसतोय. आमच्या डोळ्यांदेखत काम करून गेला!

"मामा, चला, पोलिसात जाऊ. साक्षीदार मी," मी म्हणालो, आणि गळ्यातला फोन वाजला. सुनंदा. फोन त्या प्लास्टिकच्या पाकिटात, कानाला लावता येईना, म्हणून स्पीकरवर घेतला.

"अहो, ग्रुपवर कसला फोटो टाकलाय तुम्ही?"

"सुनंदा, आत्ता नको. इथं चोरी झालीय. एका गरीब माणसाची मासे धरायची जाळी कुणीतरी नेलीत."

"नेली कशी असतील? बाटल्या तर तुमच्या हातात दिसतायत!"

माझी बायको नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढलेली. हे लग्न जमवताना आमच्या घरच्यांनी फार कौतुकानं सांगितलं होतं, त्या दिवशी कळलं का ते.

"कुठल्या बाटल्या?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक झाला होता.

"जाळ्याच्या हो! बाटलीवर जाळं तरंगतं. बाटली काढली की जाळं गेलं तळाला. आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. तुम्ही कापल्याबिपल्या नाहीत ना?"

बारा माणसं त्या चेपलेल्या ढिगाकडं बघत होती. मग ती बारा माणसं माझ्याकडं बघायला लागली. कटर अजून माझ्या जॅकेटच्या खिशात खोचलेला होता, पातं वर करून.

"अहो? ऐकताय ना?" सुनंदा विचारत होती. "कापल्या का?"

"कापल्या," राहुल म्हणाला. नालायक कुठला! वल्हवत कोण होतं?

सोपानमामा उठून माझ्यासमोर आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण नाही. ते फक्त विचारत गेले, आणि आमच्या कंपनीत चूक झाली की पाच वेळा 'का' विचारतात ना, अगदी तसं.

"का कापल्या?"

"कचरा वाटला."

"का वाटला?"

"रिकाम्या होत्या."

"मंग बांधल्याल्या का व्हत्या?"

"दारुड्यांनी बांधल्या असतील, असं..."

"सहा-सहाच्या वळीनं?"

मी कटर खिशात आणखी आत ढकलला.

"आन् मला का न्हाई इचारलं? सकाळी तर च्या पाजला की मला."

कंपनीत पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणतात. सापडलं. समोर उभं होतं, पोटावर लाइफ जॅकेट बांधून.

मला लाज वाटली. खरी लाज. माणूस ओरडला असता तर मीही काहीतरी उलट बोललो असतो, पण मामांचे डोळे भरले होते आणि ते घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत म्हणत होते, "किती वाजलं? जावई निघाला असंल." मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर जॅकेटमुळं वाकता येईना.

"मामा, साडेबारापर्यंत मासे काढून देतो. नाही दिले तर नाव बदलीन."

पाण्यातलं मला काही कळत नव्हतं, पण विहिरीतलं कळत होतं! आमच्याकडं विहीर आटत चालली की तळाशी पडलेल्या बादल्या-कळश्या काढायला लोखंडी गळ असतो, चार नख्यांचा. तो दोरीला बांधून तळावरनं फिरवायचा. मामांच्या घरी तसला गळ निघाला. बाटल्यांचं काय? जुन्या बेचाळीसच्या बेचाळीस आम्हीच चेपल्या होत्या. माझ्या हातातल्या दोनसुद्धा फोटोनंतर मी जातीनं चेपल्या. शेवटी टपरीवाल्यानं भंगारासाठी साठवलेलं एक पोतं दिलं.

काम असं ठरलं. मी कयाकमधून गळ फिरवायचा, जाळ्याचं टोक वर ओढायचं, त्याला नव्या बाटल्या बांधून सोडायचं, म्हणजे ते तरंगत राहील. मागून मामा ट्यूबवरून येणार, ते जाळं नीट उचलणार आणि मासे सोडवणार. घाईनं ओढलं तर जाळं फाटतं, म्हणून ते काम मामांचंच.

अर्धा तास नुसतं शेवाळ आलं. एकदा कुणाची तरी चप्पल आली. मग गळाला काहीतरी जड लागलं, मी ओढलं, आणि जाळं! त्यात चांदीसारखी एक चिलापी फडफडत होती. मी ओरडलोच, "मामा, आहेत! मासे आहेत!" एवढा आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता. साडेअकरापर्यंत चार जाळ्यांना बाटल्या बांधून झाल्या. मामांनी पहिलं जाळं उचलायला घेतलं.

मी पाचव्याला बाटल्या बांधत होतो. मांडीवर पोतं, पोत्यातनं एक बाटली काढायची, पाण्यात सोडायची. दुसरी काढायची, सोडायची.

"ओ काका! लाज नाही वाटत?"

काठावर हिरवे टी-शर्ट घातलेली वीसेक माणसं उभी होती. वाकडहून सायकली घेऊन आली होती. पाठीवर पिशव्या, हातात कचरा उचलायचे चिमटे. पुढं एक ताई, तिशीतल्या, आणि त्यांच्या मागं तीन जण फोनवर माझा व्हिडिओ काढत होते.

"पोतं भरून प्लास्टिक आणलंय बघा तळ्यात टाकायला! तेही होडीत बसून! वय काय तुमचं?"

"ताई, ते तसं नाही..."

"तसंच आहे! आमच्या डोळ्यांसमोर टाकताय! हे पक्षी लांबून येतात, ते तुमचा कचरा बघायला?"

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं.

"हात वर करा," ताई म्हणाल्या. "शपथ घ्या. सगळ्यांसमोर."

मी विचार केला, समजवायला गेलो तर सकाळपासूनचं सगळं सांगावं लागेल, तेही तीन कॅमेऱ्यांसमोर. शपथ परवडली. केला हात वर. "मी तळ्यात प्लास्टिक टाकणार नाही, टाकू देणार नाही..." ताई सांगत होत्या, मी म्हणत होतो. आमची सायकलवाली मंडळी झाडाआड तोंड दाबून बसली होती. एकानंही पुढं यायचं धाडस केलं नाही. दगाबाज!

"छान," ताई म्हणाल्या. "आता त्या सगळ्या बाटल्या परत काढा. नाही, तुम्ही राहू द्या. ए, दोघं जा रे कयाक घेऊन, आणि कात्री घ्या बरोबर."

कात्री!

मामा ट्यूबवरून ओरडले, "सायेब! त्येंना आडवा! जावई नेऱ्यापत्तर आलाय, आत्ता फोन आलता!"

दोघं पोरं कयाकमध्ये बसलीसुद्धा. आता इज्जत वाचवायची की जाळी? घाम फुटला मला, जानेवारीत! मग म्हटलं, मरू दे ती इज्जत, आणि कयाकमध्ये उभाच राहिलो. कयाकमध्ये उभं राहायचं नसतं. अर्धं वाक्य मी होडीत बोललो आणि अर्धं पाण्यात.

"थांबा! त्या जाळ्याच्या बाटल्या आहेत! खाली मासे आहेत! सकाळी मीच कचरा समजून सगळ्या कापल्या..." गुडुप. वर आलो. "...म्हणून आता नव्या बांधतोय! जाळी या मामांची आहेत! चोरसुद्धा मीच शोधत होतो!"

जॅकेटमुळं मी बूच असल्यासारखा तरंगत होतो. ताईंनी मला वरपासून, म्हणजे जेवढा पाण्याच्या वर होतो तेवढा, बघितला.

"काका, खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोला. बांधलेल्या बाटल्या कापायच्या, मग त्याच माणसासाठी चोर शोधायचा, मग परत बाटल्या बांधायच्या... इतका येडा माणूस असतो का कुठं?"

मी मामांकडं बघितलं. आता सगळं त्यांच्या हातात होतं. मामांनी ट्यूबवर बसल्या बसल्या जाळ्यातली तिसरी चिलापी सोडवली, पिशवीत टाकली, आणि शांतपणे म्हणाले,

"असतो ताई. ह्येच ते. तुमीबी आता कात्री ठिवा खाली, आन् ह्येंच्यावर नगा चिडू. शिकल्यालं मानूस हाय, व्हतंय आसं."